पट्टीखालची ओळ

वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक पट्टी असते. आमच्या धंद्यात तिला फूटर म्हणतात. पत्ता, फोन, सर्व हक्क राखीव, असला कुणीही न वाचायचा मजकूर तिच्यात घालायचा असतो. माझं जमत आलेलं लग्न तसल्या एका पट्टीनं मोडलं. हसा खुशाल. माझं हसून झालंय, रडूनही झालंय, आता नुसता वैताग उरलाय.

शुक्रवार पेठेत आमचं दुमजली, चिंचोळं घर आहे. वरच्या खोलीत बसून मी लोकांच्या वेबसाइटी करते. चादरीची दुकानं, दातांचे दवाखाने, क्लासेस, एक मंगल कार्यालय. खाली आप्पा असतात, माझे वडील. मूळ करकंबचे, पण सगळी नोकरी सोलापुरात एका शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून गेली. बोलणं मात्र अजून करकंबचंच. आई मी कॉलेजात असताना गेली. त्यामुळे घरात माणसं दोन आणि चालू किडन्याही दोनच. एक माझी माझ्याजवळ, एक माझी त्यांच्याजवळ.

त्यात शौर्याबिर्याचं काही नव्हतं. आप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसच्या खेपा घालून घालून माणूस पार वाळून गेला, चेहरा राखेसारखा झाला. करकंबची आत्या द्यायला तयार होती, पण तिला साखर. माझी जुळली, मी दिली. कुणीही दिली असती. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की पाणी भरपूर प्या, दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका, तपासणीला येत जा, बाकी लग्न करा, मुलं होऊ द्या, कसलीच अडचण नाही. डॉक्टरांना अडचण नव्हती हो. अडचण पोहे खाणाऱ्यांना होती.

मी लपवणाऱ्यातली नाही. बघायला आलेल्या लोकांना मी पहिल्याच भेटीत सांगून टाकायचे. सांगितलं की पोह्याची ताटली हळूच टेबलावर ठेवली जायची, आणि ताटली ठेवली की मी समजायचे. कुणी म्हणायचं, कळवतो. कुणी आप्पांकडं असं बघायचं की जणू त्यांनी माझा हार चोरून विकलाय. एका बाईंनी तर माझ्या देखत आपल्या नवऱ्याला विचारलं, उद्या आपल्या पोराला लागली तर हिच्याकडं शिल्लक कुठाय? मी तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले ते त्या जाईपर्यंत बाहेर आले नाही. आप्पा बाहेर त्यांना पान देत होते.

म्हणून मी ठरवलं की हे आधीच लिहून टाकायचं. ज्याला वाचून यायचं तो येईल, ज्याला नाही तो घरी बसेल. निदान पोहे तरी वाया जाणार नाहीत.

त्याच सुमाराला आमच्या समाजाच्या मंडळाला वधू-वरांची वेबसाइट करायची होती. आपलीच मुलगी आहे म्हणून काम माझ्याकडं आलं. प्रत्येकाचं एक पान. वर फोटो, फोटोखाली फोन नंबर, मग शिक्षण, उंची, मामाचं कूळ, अपेक्षा आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, इतर माहिती. हा रकाना सगळे मोकळा सोडायचे. मी माझं पान केलं तेव्हा त्यात लिहिलं, 'एक किडनी वडिलांना दिली आहे. प्रकृती उत्तम आहे.' आत्या तेव्हा आलेली होती. ती म्हणाली, हे कशाला लिहितीस, लग्न झाल्यावर सांगता येतंय की. मी म्हटलं, आत्या, लग्न झाल्यावर सांगायला ती काय गोड बातमी आहे का? आप्पा बाजूलाच बसले होते. ते उठून कूलरमध्ये पाणी ओतायला गेले.

आता त्या पट्टीचं सांगते. आधी मी साधा फूटर ठेवला होता, म्हणजे मजकूर संपला की त्याच्याखाली पट्टी. पण मजकूर सगळ्यांचा सारखा कुठं असतो? मुलींची पानं लांबलचक. रंग, उंची, स्वयंपाक, शिवणकाम, स्वभाव मनमिळाऊ. मुलांचं दोन ओळींत आटपायचं. मुलगा एकुलता एक, स्वतःचं घर, अपेक्षा अनुरूप, झालं. मग मजकूर आखूड पडला की पट्टी त्याच्यामागोमाग वर सरकायची आणि पडद्याच्या मध्यावर येऊन बसायची. तिच्याखाली नुसतं पांढरं. आणि त्या पट्टीत पत्ताबित्ता नव्हता. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि देणगीदार यांची नावं होती. चौकातल्या फ्लेक्सवर तळाला शुभेच्छुकांची रांग असते ना, अगदी तशी.

अध्यक्षांचा फोन आला. आमची नावं मधेच लोंबकळतायत म्हणाले. नावं खाली पाहिजेत आणि कायम दिसली पाहिजेत. मी त्यांना परोपरीनं सांगितलं की काका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानाच्या शेवटी ठेवायची तर पान संपेपर्यंत ती दिसणार नाही. कायम दिसायची तर ती पडद्याच्या तळाला चिकटवावी लागेल, आणि मग सगळा मजकूर तिच्या खालून सरकेल. ते म्हणाले, फ्लेक्सवर दिसतात की दोन्ही. आता फ्लेक्स खाली-वर सरकत नाही हे मी त्यांना कसं सांगणार? मी हात टेकले आणि पट्टी चिकटवून टाकली.

चिकटवलेल्या पट्टीखाली शेवटचा मजकूर दडून राहतो, म्हणून पानाच्या शेवटी पट्टीच्या उंचीएवढी कोरी जागा सोडावी लागते. म्हणजे बोटानं पान पूर्ण वर ढकललं की शेवटची ओळ पट्टीच्या वर येते. मी ती जागा सोडली, माझ्या फोनवर बघितलं, ओळ दिसली. काम झालं, साइट मंडळाच्या ताब्यात दिली. नवीन देणगीदारांची नावं घालायची सोय सचिवांना करून दिली होती.

आणि नावं वाढत गेली. साइटवरून कुणाचं लग्न जमलं की मुलीचे वडील खूश होऊन मंडळाला काहीतरी द्यायचे, की सचिव त्यांचं नाव पट्टीत घालायचे. माझ्या मोठ्या पडद्यावर ती सगळी नावं दोन ओळींत मावायची. फोनवर मात्र ती एकाखाली एक रचली जात होती आणि पट्टी उंच होत होती. मी सोडलेली कोरी जागा होती तेवढीच राहिली. प्रत्येक पानाचा शेवटचा रकाना पट्टीखाली गेला. पण तो रकाना सगळ्यांचाच मोकळा, मग तक्रार कोण करणार? भरलेला होता तो एकटा माझा. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नांनी माझी ओळ झाकली, आणि मला पत्ताच नाही. स्वतःचा बायोडेटा रोज उघडून बघायला मला काय वेड लागलंय?

मग फोन यायला लागले. इतके दिवस जिथं आठवड्याला कुणी विचारत नव्हतं, तिथं लोक आपण होऊन फोन करायला लागले. मला वाटलं, चला, जग सुधारलं.

त्यातलंच एक स्थळ वेळापूरकडचं. मुलगा पुण्यात एका कंपनीत होता. तो, त्याची आई आणि मामा असे तिघं आले. मी पोहे दिले आणि ताटल्यांकडं बघत बसले. एकही ताटली खाली ठेवली गेली नाही. आईंनी तर आणखी मागून घेतले आणि मला एवढंच विचारलं की तिखट चालतं का. मामा आणि आप्पा उसाच्या गप्पांत रंगले. आप्पांना इतकं बोलताना मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. त्या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही. आत्या स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागली, वाचलं नसंल गं त्यांनी. मी तिला गप्प केलं. वाचून आलेत म्हणूनच तर आलेत, म्हटलं. त्यांनी वाचलंय, त्यांना त्याचं काही वाटत नाही, आणि एवढी समज आहे की आल्या आल्या जखमेवर बोट ठेवत नाहीत. मग मी तरी का उगाळू?

खरं सांगायचं तर मी त्या न विचारण्याच्याच प्रेमात पडले. माणूस तसा चारचौघांसारखा, थोडा बुजरा, हसताना तोंडावर हात धरणारा. पुढं आमचं फोनवर बोलणं सुरू झालं. एकदा तो म्हणाला, सोलापूरला ऊन फार, पाणी पीत जा. मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडले. माझ्या उरलेल्या किडनीची काळजी करणारा, आणि तिचं नावही न काढणारा माणूस मला भेटला होता. त्या दिवशी मी इतकं पाणी प्यायले की आप्पांनी विचारलं, बरं वाटत न्हाय का?

साखरपुड्याची बोलणी सुरू झाली. तारीख काढायच्या आधी तो एकदा एकटा भेटायला आला. आम्ही सात रस्त्याजवळ एका ज्यूस सेंटरमध्ये बसलो. मोसंबीचे ग्लास समोर होते. मला वाटलं, हे आता बोललं पाहिजे, नाहीतर आपण कृतघ्न ठरू. मी म्हटलं, "तुम्ही त्याबद्दल एक शब्दसुद्धा विचारला नाहीत. मला त्याचं फार बरं वाटलं."

"कशाबद्दल?" तो म्हणाला.

मला वाटलं, मोठेपणा दाखवतोय. मी हसले आणि म्हटलं, "किडनीबद्दल."

त्यानं ग्लास बाजूला सरकवला. मी म्हटलं, लिहिलंय की मी, पानावर, शेवटी. त्यानं खिशातून फोन काढला, माझं पान उघडलं आणि फोन माझ्यापुढं धरला. दाखवा, म्हणाला. मी पान बोटानं वर ढकललं. ते शेवटपर्यंत गेलं आणि थांबलं. आणखी ढकललं, ते उसळी मारून परत खाली आलं. अपेक्षांच्या खाली थेट अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि देणगीदारांची ही मोठी चळत. त्या चळतीच्या वरच्या कडेला माझ्या ओळीतल्या वेलांट्यांची टोकं तेवढी दिसत होती. ती माझी म्हणून मला ओळखू आली. दुसऱ्या कुणाला ती फोनच्या काचेवरचा चरा वाटली असती.

आणि मग मी काय केलं असेल? मी त्याला फूटर समजावून सांगायला लागले. कपाळ माझं! पट्टी चिकटवलेली असते, खाली जागा सोडावी लागते, नावं वाढली की उंची वाढते, ती जागा आपोआप वाढत नाही. टेबलावर ग्लासखाली साचलेल्या पाण्यानं पट्टी काढून दाखवली. माझा संसार डोळ्यांदेखत चालला होता आणि मी त्याला कोऱ्या जागेचा हिशेब सांगत होते. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"ही वेबसाइट तुम्हीच केलीय ना?"

त्याचं उत्तर 'हो' एवढंच होतं. मी 'हो' म्हणाले. त्यानं ज्यूसवाल्याला हाक मारली, मला रिक्षापर्यंत सोडलं, नीट जा म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मामांनी अध्यक्षांना फोन केला की तुमच्या मंडळात फसवाफसवी चालते. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पानाचा फोटो फिरला, पट्टीभोवती लाल गोल काढून. जिच्या हातात वेबसाइट तीच ओळ झाकणार की, यात न कळण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांना एकदम कळलं. मी अध्यक्षांना म्हटलं, काका, पट्टी चिकटवायला तुम्हीच लावलंत. ते म्हणाले, आमी नावं खाली घ्या म्हणलो, झाकाझाकी करा न्हाय म्हणलो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार काय? त्या माणसानं खरोखरच झाकायला सांगितलं नव्हतं. झाकायला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायचा आटापिटा करणारी एकटी मी, आणि लपवलं म्हणून नाव माझंच.

मी त्याच दिवशी पट्टी सुटी केली. चार ओळींचं काम होतं, आणि तेच मी पहिल्या दिवशी कुणाचं न ऐकता करायला हवं होतं. पानाची उंची निदान पडद्याएवढी ठेवायची. मधल्या मजकुराला सांगायचं की उरलेली सगळी जागा तुझी. पट्टीला सांगायचं की तू शेवटी उभी राहा, बस्स. मग मजकूर दोन ओळींचा असला तरी पट्टी मध्येच लोंबकळत नाही, पडद्याच्या तळाला जाऊन टेकते. आणि मजकूर मारुतीच्या शेपटासारखा लांब असला तरी पट्टी त्याच्या अंगावर चढत नाही, तो संपेपर्यंत खाली थांबते. नावं कितीही वाढोत. मी फोनवर माझं पान उघडलं. माझी ओळ चांगली ठसठशीत दिसत होती, आणि तिच्याखाली, बऱ्याच खाली, अध्यक्ष.

त्याला मी निरोप पाठवला. 'आता दिसते. एकदा बघा.' निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

फोन यायचे थांबले. एकदम, नळ बंद करावा तसे. वेबसाइट चालवणाऱ्याला कुठलं पान किती वेळा उघडलं गेलं ते दिसतं, कुणी उघडलं ते दिसत नाही. माझं पान आता कुणी उघडत नव्हतं. ज्यांनी उघडलं असतं त्यांनी ते ग्रुपवर लाल गोलासकट बघून घेतलं होतं. मात्र रोज सकाळी, मी कामाला बसायच्या सुमाराला, आकडा एकनं वाढायचा. रोज एक. रविवारीसुद्धा.

मला वाटायचं, तोच असणार. दुसरं कोण? कामाला जाताना बसमध्ये उघडत असेल, ओळ वाचत असेल, मनाशी काहीतरी ठरवत असेल. बुजऱ्या माणसांना वेळ लागतो. मी सकाळी अंघोळ करून, केस विंचरून त्या आकड्यापुढं जाऊन बसायला लागले. आकडा वाढला की मला भाकरी गोड लागायची. एके दिवशी दुपारपर्यंत वाढला नाही तर मी कासावीस झाले, आणि संध्याकाळी वाढला तेव्हा देवापुढं साखर ठेवली. शिकलेली बाई मी, लोकांना वेबसाइटी करून देते! पण त्या एका आकड्यावर मी सगळा उन्हाळा काढला.

उन्हाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी आप्पा जिना चढून वर आले. ते सहसा वर येत नाहीत. हातात फोन होता. माझ्यामागच्या खुर्चीवर बसले, दम घेतला.

"ती पट्टी व्हती तशी कर की," म्हणाले.

मला आधी कळेना, कुठली पट्टी. मग त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. माझं पान उघडलेलं होतं. बोट त्या ओळीवर होतं. आप्पांना कीर्तनं लावण्यापलीकडं फोनमधलं काही येत नाही, अशी माझी समजूत होती.

"मधी झाकली व्हतीस ती ओळ," ते म्हणाले. "मला तवाच दिसलं. म्हणलं, पोरगी शाणी झाली. बोललो न्हाय, म्हणलं तुला वाईट वाटंल. लई बरं वाटलं बग मला. चांगली चांगली माणसं यायला लागली. मग परत का उघडी केलीस?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. वेळापूरचे लोक पोहे खात होते तेव्हा त्यांना माहीत होतं की यांनी ती ओळ वाचलेली नाही. म्हणूनच उसाच्या इतक्या गप्पा. मी म्हटलं, आप्पा, मी झाकली नव्हती. त्यांनी मान हलवली. त्यांचाही माझ्यावर विश्वास बसला नव्हता. बाकीच्यांचा नव्हता तो रागानं, यांचा मायेनं, एवढाच काय तो फरक. मला ओरडावंसं वाटलं. पण त्यांचं बोट अजून त्या 'वडिलांना' शब्दावर होतं.

"तुम्ही कधी बघितलंत हे पान?" मी विचारलं.

"कवा म्हंजे? रोज बगतो की. सकाळची गोळी घेतली की बगतो. पट्टीखाली गेली का परत, ते बगतो."

माझी नजर पडद्यावरच्या आकड्याकडं गेली. आप्पा पाणी पी म्हणाले आणि कठड्याला धरून खाली गेले. पट्टी मी होती तिथंच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर बसले होते. खाली त्यांच्या गोळीचा गजर वाजला, मग तांब्या ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पडद्यावरचा आकडा एकनं वाढला.